साठ दिवस मेण नाही

४ मार्च

गाडी आज संध्याकाळी घरी आली. फवाऱ्याने स्वतः चालवत आणली, फाटकातून आत घेतली आणि उतरताना आत बाळ झोपलं असावं तसं दार हलकेच लावलं. गडद निळा रंग. जानेवारीत भिंतीवर आदळून चेपलेलं नाक नेमकं कुठे चेपलं होतं, ते मला शोधूनही सापडलं नाही.

फवाऱ्या हा बाबांचा सगळ्यात जुना शिष्य. आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे आणि बाबांचं रंगकामाचं गॅरेज तोच चालवतो, पण बाबांनी ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. त्याने सूचना सांगितल्या. औषधाच्या दुकानात अठरा वर्षं काढल्यामुळे मला सूचना लिहून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ही वही त्यासाठीच काढली आहे.

"ताई, रंग वरून वाळलाय, आतून अजून ओला आहे. त्याला श्वास घेऊ द्या. साठ दिवस मेण नाही, पॉलिश नाही. धुवायची ती साध्या पाण्याने, सावलीत, मऊ फडक्याने. झाडाखाली लावायची नाही. वर काही झाकायचं नाही. पाखरांनी घाण केली तर लगेच पुसायची."

बाबा पायरीवर बसून ऐकत होते. चाळीस वर्षं गाड्या रंगवलेला माणूस. एरवी फवाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यात दुरुस्ती करतात. आज गप्प होते.

साठ दिवस म्हणजे ३ मे. ५ मेला एक दंतवैद्य गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणार आहेत. त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती म्हणून त्यांना ही हवी आहे. पण रंगात खोट दिसली तर घेणार नाही, असं त्यांनी फोनवर दोनदा बजावलंय. दुसरं गिऱ्हाईक नाही. वीस वर्षं जुन्या गाडीला कोण विचारतं?

गाडी जायलाच हवी. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. जानेवारीत आईचं मनगट मोडलं, पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही. बाबा म्हणतात, कुत्रं आडवं आलं. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं. मी नुसती शेजारी बसते."

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

९ मार्च

दुकानातून आले तर बाबा गाडीजवळ उभे.

"चिमे, ही उन्हात का ठेवलीस? ताजा रंग आहे. भाजून निघेल. तुतीखाली घे."

"फवाऱ्या म्हणाला झाडाखाली नको."

"फवाऱ्याला रंगाची गन कशी धरायची ते कोणी शिकवलं?"

डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली की आम्ही दुकानातली माणसं वाद घालत नाही. इथे बाबा डॉक्टर आणि फवाऱ्या फार तर कंपाउंडर. गाडी तुतीखाली घेतली.

१० मार्च

सकाळी टपावर जांभळे डाग. सतरा मोजले, मग मोजायचं सोडलं. तुतीला फळं लागली आहेत आणि गावातली सगळी पाखरं आमच्याकडे न्याहारीला येतात. दुकानाची वेळ टळून गेली तरी पुसत होते. बॉनेटवरचे तीन डाग काही हटेनात.

"झाडाला फळं धरलीत हे लक्षातच आलं नाही बघ," बाबा म्हणाले.

रोज सकाळी त्याच झाडाखाली खुर्ची टाकून वाटीभर तुती खातात.

फवाऱ्याला बोलावलं. त्याने बारीक पॉलिश पेपर ओला करून अगदी हलक्या हाताने डाग काढले. मग झाडाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, चहा प्यायला आणि गेला.

१७ मार्च

आणखी एक. काल संध्याकाळी बाबा म्हणाले, धूळ बसते, वरून प्लॅस्टिक टाक. जुना मोठा कागद त्यांनी आधीच शोधून, झटकून, घडी घालून व्हरांड्यात ठेवला होता.

"त्याला श्वास लागतो म्हणाला ना फवाऱ्या?"

"श्वास माणसाला लागतो. पत्र्याला कशाला?"

आज सकाळी कागद काढला तर आतून सगळा घामेजलेला, आणि रंगावर पाण्याचे डाग, नकाशात बेटं असतात तसे. दुपारपर्यंत उन्हाने बरेचसे गेले. सगळे नाही.

दादाचा फोन होता. तो चार तासांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे त्याला सगळं स्पष्ट दिसतं.

"चिमे, एक गाडी सांभाळता येत नाही तुला?"

"तू ये सांभाळायला. बाबांसकट."

मग तो बराच वेळ ऑफिसबद्दल बोलला.

२३ मार्च

आजचं लगेच लिहून ठेवते.

साडेसहाला घरी आले. फाटक उघडं. गाडी जागेवर नाही. बाबा घरात नाहीत. आई कानाला रेडिओ लावून स्वयंपाकघरात, तिला काही पत्ता नाही. मी पर्स उलटी केली. किल्ली आतच होती. म्हणजे दुसरी किल्ली होती आणि ती मला कोणी सांगितली नव्हती.

रस्त्यावर धावले. चौकापर्यंत जावं लागलं नाही. आमच्याच कुंपणाच्या मागच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी उभी होती. बाबा आत, स्टिअरिंगवर दोन्ही हात. इंजिन बंद. मागच्या चाकाखाली शेजाऱ्यांच्या मोठ्या कुंडीचे तुकडे.

"बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. मग एक हात उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि ते गुडघ्याकडेच बघत राहिले, तो त्यांचा नसल्यासारखे.

"कुठे निघाला होतात?"

त्यांनी गल्लीकडे पाहिलं, मग परत गुडघ्याकडे. आपण कुठे आलोय हे त्यांना कळत नसावं असं मला वाटलं. ते विचारायचा धीर झाला नाही. मी त्यांना उतरवलं, गाडी आत घेतली. गाडीला ओरखडा नाही, मागच्या बंपरवर फक्त माती. शेजारच्या काकूंना नवी कुंडी आणून देईन म्हटलं. त्या म्हणाल्या, "कुंडीचं काय एवढं. आमची नात तिथेच खेळत असते, ती आज क्लासला गेली होती." हे त्या सहज म्हणाल्या. मी घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत राहिले.

दुसरी किल्लीही आता पर्समध्ये.

२५ मार्च

बाबा दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठतात. एकेचाळीस दिवस राहिले आहेत ५ मेला.

२ एप्रिल

आज खूप दिवसांनी बाबांबरोबर दुपार चांगली गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

सुट्टी होती. गाडी पाण्याने धुऊन पुसत होते. बाबा आतून एक चपटा डबा घेऊन आले. मेण. त्यांच्या गॅरेजमधला, घट्ट, पिवळा, वासाने मला थेट लहानपणात नेणारा.

"आता लाव. दंतवैद्याला चेहरा दिसला पाहिजे त्यात."

"अजून महिनाही झाला नाही. साठ दिवस म्हणाला होता."

"साठ दिवस ही कंपनीची भाषा. ह्या रंगात हार्डनर आहे, लवकर टणक होतो. आमच्या वेळी आठव्या दिवशी मेण लावून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो."

तरी मी फवाऱ्याला फोन केलाच. पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता. मी विचारलं, तसा त्याने तो बंद केला.

"उस्ताद म्हणाले? स्वतः?"

"हो. शेजारीच उभे आहेत."

मग म्हणाला, "ताई, उस्तादांच्या शब्दापुढे मी काय बोलणार. तुम्ही त्यांनाच परत एकदा विचारा. नीट विचारा." आणि फोन ठेवला. मी बाबांना परत विचारलं. ते म्हणाले, लाव.

मग त्यांनी शिकवलं. एवढ्या वर्षांत कधी शिकवलं नव्हतं. दादाला शिकवायचा प्रयत्न केला होता, तो पळून गेला. मला कोणी विचारलंच नव्हतं. फडकं असं चार पदरी धरायचं, बोटं बाहेर येऊ द्यायची नाहीत. एका वेळी हातभर जागा. गोल फिरवायचं, दाबायचं नाही. धुकं धरेपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्या स्वच्छ फडक्याने ते उचलायचं, घासायचं नाही, उचलायचं. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. शेहेचाळीसाव्या वर्षी मला हे ऐकायला मिळालं.

बॉनेट आणि टप झालं, तेव्हा ते एकदम म्हणाले, "पुरे. राहू दे आता."

"अर्धवट कशी ठेवू? दारं राहिलीत."

ते खुर्ची उचलून तुतीखाली गेले आणि पाठ करून बसले. दमले असतील.

संध्याकाळी गाडीत सगळं आकाश दिसत होतं. आई पट्टा बांधलेला हात सांभाळत बाहेर आली, गाडी पाहिली, मग बाबांकडे पाहून म्हणाली, "झालं समाधान?" तिला नेमका काय राग आला ते समजलं नाही.

९ एप्रिल

बॉनेटवर काहीतरी झालंय. आधी वाटलं बाष्प. पुसलं, गेलं नाही. रंगाच्या आतच पांढुरकं आलंय, वयस्कर माणसाच्या डोळ्यांत येतं तसं. बोट फिरवलं तर बारीक दाणे लागतात, घामोळ्यासारखे. टपावर जास्त. दारांवर कमी.

डबा उलटा करून पाहिला. बारीक अक्षरात लिहिलंय: ताज्या रंगावर साठ दिवस वापरू नये. मी औषधाच्या प्रत्येक बाटलीची मागची बाजू वाचल्याशिवाय कोणाला देत नाही.

फवाऱ्या येऊन पाहून गेला. म्हणाला, आतला ओलावा कोंडला, बाहेर पडायला वाट मिळाली नाही. "परत रंगवावी लागेल?" विचारलं. "उस्तादांना विचारा, ताई. ह्यावर इलाज त्यांच्याइतका कोणाला येत नाही." सारखं उस्तादांना विचारा. उस्तादांनाच आठवत नाही, तिथे काय विचारायचं?

सव्वीस दिवस.

१० एप्रिल

बाबांवर मी रागावले नाही. आधी रागावले असते. आता पानाच्या या बाजूला नुसतं लिहून काढलं: तुती. प्लॅस्टिक. गल्लीत रस्ता चुकले, बहुतेक. मेण. चाळीस वर्षांचा धंदा, आणि धंद्यातली पहिली-दुसरीतली गोष्ट डोक्यातून गेलेली. एकाला चूक म्हणता येईल. चारांना नाही.

दादाला वाचून दाखवलं. तो प्रथमच मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "हे गाडीपेक्षा मोठं आहे, चिमे. असं असेल तर ते दोघं त्या घरात नकोत. तू दिवसभर दुकानात. गॅस आहे, विहीर आहे. मी त्यांना इकडे आणतो. घर बंद करू."

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. बाबा तिथे आठवडाभर राहिले होते तेव्हा रोज खाली उतरून पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या बघत बसायचे.

फोनचा आवाज मोठा असतो. बाबा बाहेरच्या खोलीत होते. ऐकलं का माहीत नाही.

डॉक्टरांची वेळ घेतली, २१ तारखेची.

१४ एप्रिल

आईला सांगितलं की बाबांची स्मरणशक्ती तपासायची आहे. ती भाजी निवडायची थांबली.

"तुझे बाबा विसरतात? ह्या घरात पाऊल ठेवल्या दिवशी मी काय म्हणाले होते ते अजून ऐकवतात मला. शब्दाला शब्द."

"जुनं आठवतं गं. आजारात तसंच होतं. जुनं राहतं, नवं जातं."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. मग म्हणाली, "तुझं शिक्षण जास्त झालंय."

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. आई म्हणत होती, "सांगून टाका तिला." बाबा म्हणाले, "काय तोंडाने सांगू?" मी दारात आले तसे दोघं गप्प. म्हणजे त्यांना स्वतःलाही जाणवतंय. ते जास्त वाईट. मला बाथरूममध्ये जाऊन बसावं लागलं.

२१ एप्रिल

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला गोड. बाबांना तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाबा खाली उतरत गेले आणि दोनवर थांबून म्हणाले, "पुढे उणे जायचं का?" पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "काटे जाड काढू की बारीक?" दहा मिनिटांनी पाचही शब्द सांगितले, आणि मग उलट्या क्रमाने.

"यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. बाबा सरळ बसले होते, शर्टाची कॉलर नीट करत.

"पास झालो ना?"

"झालात. मग गाडीचं काय, बाबा? तुती, प्लॅस्टिक, मेण. एकदा नाही, तीनदा. तुम्हाला सगळं आठवतं तर हे कसं विसरलात?"

त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते घर येईपर्यंत बाहेर बघत होते. साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटलंच आहे. पाच शब्दांची चाचणी वरवरची असते. दादाचंही तेच म्हणणं. मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण तपासणी होते, दिवसभर लागतो. ७ मेची वेळ मिळाली. दादा स्वतः येणार आहे आणि परत जाताना दोघांना घेऊनच जातो म्हणतोय. हे मी रात्रीच्या जेवणाला सांगितलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"घर बंद करणार?"

"तपासणीत काय निघतं त्यावर, बाबा."

२२ एप्रिल

सकाळी आठला बाबा गाडीपाशी. अंगात गॅरेजचा जुना झगा, गुंड्या एका जागी सोडून लावलेल्या. मला वाटलं, झालं, आता कपडेही. पण त्यांनी खाली पाहून स्वतःच गुंड्या नीट केल्या.

"तुझी ती तपासणी रद्द कर. दंतवैद्य यायच्या आत ही गाडी मी नीट करून देतो."

"बाबा, फवाऱ्या करेल ना."

"फवाऱ्याला नाही जमणार. आणि जमलं तरी त्याने करून माझा काय उपयोग?"

ह्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण लिहून ठेवलं. तपासणी रद्द करणार नाही म्हटलं. गाडी बघून ठरवू. ते म्हणाले, "ठीक. तू बघ. डोळ्यात तेल घालून बघ."

फवाऱ्याचा नंबर त्यांनी न बघता फिरवला आणि सामानाची यादी तोंडपाठ सांगितली. फवाऱ्या तासाभरात घेऊन हजर झाला. इतका आनंद त्याच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

आज फक्त मेण उतरवणं. फडक्यावर द्रव घ्यायचा, एकदा पुसायचं, फडकं फेकायचं. बावीस फडकी गेली. त्यातली दोन माझ्या जुन्या परकराची होती.

२९ एप्रिल

आठवडाभर गाडी उन्हात उघडी. बाबा तिला हात लावू देत नव्हते. "कोंडलेलं बाहेर पडू दे." दर दोन तासांनी जाऊन बॉनेटला तळहात लावायचे, ताप बघतात तसा. सहा दिवस राहिले, आणि हा माणूस नुसता बसून आहे. दादा रोज विचारतो. मी सांगते, वाट बघतोय. कसली, ते मलाही माहीत नाही.

आज काम सुरू झालं. ओल्या पॉलिश पेपरने पांढरा थर कापायचा. आज मी रजा टाकली, कारण हा थर केसाइतका पातळ असतो असं फवाऱ्या म्हणाला. एक हात जास्त गेला की खालचा रंग उघडा, मग काही उपाय नाही. बाबांनी पुड्यातून पहिला कागद काढला, अंगठ्याने चाचपला आणि बाजूला ठेवला.

"हा दोन हजार नंबर नाही. पंधराशे आहे, जास्त खरखरीत."

पुड्यावर दोन हजार लिहिलं होतं. मी कागद घेऊन मागे पाहिलं. पंधराशे. दुकानदाराने एकात दुसरा घातला होता. मी बाबांच्या बोटांकडे पाहिलं. मग पुढचे दोन तास बघत बसायची गरज नव्हती, तरी बसले.

२ मे

चार दिवस झाले. कागद, मग चमक आणणारं रबिंग कंपाउंड, मग नुसतं फडकं. त्यांना खाली बसता येत नाही. उजवा पाय सरळ पुढे टाकून बुटक्या स्टुलावर बसतात आणि उठताना दाराला धरत नाहीत, माझ्या खांद्याला धरतात, कारण दारावर बोटं उमटतील. दारांचा खालचा भाग मी केला. ते वरून सांगत होते: हळू, पाणी घाल, आवाज ऐक, खरखर कमी झाली की थांब. एकदा मी थांबले नाही तर हातावर फटका बसला.

बॉनेटवरचं धुकं गेलं. टपावरचं गेलं. आईने बॉनेटमध्ये बघून केस नीट केले आणि म्हणाली, "आरशापेक्षा बरी. आरसा खोटं बोलत नाही, ही थोडं बोलते."

बाबा हसले नाहीत. काम जसजसं नीट होत गेलं तसतसे ते गप्प होत गेले. शेवटचं दार पुसून झाल्यावर ते गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरच्या बाजूला नाही, आई बसते त्या बाजूला. मी पर्स छातीशी धरून उभी होते, ते मला नंतर कळलं.

५ मे

दंतवैद्य बरोबर दहाला आले. बारीक, टापटीप गृहस्थ. त्यांनी खिशातून दात बघायचा तो छोटा आरसा काढला आणि दारांच्या कडांखाली, दिव्यांच्या खोबणीत घालून बघायला लागले. पाऊण तास. मी व्हरांड्यात उभी, आई माझ्यामागे. बाबा खुर्चीत, हात मांडीवर. बॉनेटपाशी दंतवैद्य वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"यात कीड नाही," ते शेवटी म्हणाले. मग जरा लाजले. "म्हणजे, खोट नाही. कोणी केलंय हे?"

"मी," बाबा म्हणाले.

"मग काका, ठेवायची कशी तेही तुम्हीच सांगा."

बाबांनी सांगितलं. खुर्चीतून न उठता, एकही शब्द न अडखळता. "झाडाखाली लावू नका, विशेषतः फळं धरलेल्या. वर प्लॅस्टिक कधी टाकू नका, आतून घाम धरतो. आणि मेण साठ दिवस नाही. कोणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी नाही. हे साठ आता आजपासून मोजायचे. मध्ये एकदा लवकर लागलं होतं, ते मी काढलंय."

"चुकून लागलं का?"

"माझ्यामुळे लागलं," बाबा म्हणाले.

मी तिथेच होते, त्यांच्यापासून तीन हातांवर. तुती, प्लॅस्टिक, मेण. याच क्रमाने मी ते पानावर लिहिलं होतं. मी त्याला विसर म्हटलं होतं; त्यात विसर कुठेच नव्हता, गाडी जाऊ नये एवढंच होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कागदांवर सह्या झाल्या. दंतवैद्य म्हणाले, "काका, फाटक अरुंद आहे. तुम्हीच एकदा बाहेर काढून द्या." मी किल्ली बाबांपुढे धरली. पहिल्यांदाच माझ्या मनात नको असं आलं नाही. काय करतील ते करू देत, असं आलं.

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "तुमची गाडी आहे. तुम्ही काढा."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही तिघं फाटकात उभे होतो.

"कुत्रं नव्हतं," बाबा म्हणाले.

कोणी काही विचारलं नव्हतं.

"भिंत दिसली होती. ब्रेक दाबायचा हेही कळलं होतं. पायाला पोचायला उशीर झाला. त्या दिवशी गल्लीतही तेच. डोकं वेळेवर असतं गं. पाय मागाहून येतो." मग आईला म्हणाले, "तुला माहीत होतं."

"मी शेजारी होते," आई म्हणाली. "मला नाही तर कोणाला असणार?" आणि मोडलेल्या हाताने त्यांचा कोपर धरून त्यांना आत घेऊन गेली. हात अजून नीट वळत नाही तिचा.

हॉस्पिटलला फोन करून वेळ रद्द केली.

६ मे

संध्याकाळी दादाचा फोन. उद्या सकाळी निघतोय, बाबांना उपाशी ठेवायचं का, विचारत होता.

"येऊ नकोस. म्हणजे ये, पण तपासणीला नको. मी रद्द केली."

"का? तूच म्हणालीस ना, एकदा नाही, चारदा."

"रस्ता ते चुकले नव्हते. पाय दुखतो त्यांचा, आता चालवणार नाहीत. बाकीचं माझ्याकडून झालं."

"तुझ्याकडून म्हणजे?"

"फवाऱ्याने मला सगळं लिहून दिलं होतं. तुतीखाली गाडी मी लावली. प्लॅस्टिक मी टाकलं. मेण मी लावलं, घाई करून. डब्यावर लिहिलं होतं, ते वाचलं नाही."

"मग तपासणी तुझीच करायला हवी."

"कर," म्हटलं. "पण घर बंद होणार नाही."

फोन ठेवला. बाबा समोरच्या खुर्चीत होते, तोंडापुढे वर्तमानपत्र. आवाज मोठा असतो, सगळं ऐकू गेलं असणार. बोलणं चालू होतं तेवढा वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने कागदामागून आवाज आला. "थर जाड दिला होतास. पातळ असता तर इतकं बिघडलं नसतं."

"तुम्ही बघत होतात ना?"

"बघत होतो," बाबा म्हणाले, आणि पान उलटलं.